विलायती गाडीचा भाव

देवपूरच्या लोटन नानांच्या मते धुळे आणि जळगाव मिळून गाडी कळणारा माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी नानांच्याच आरशात दाढी करायचा. बाकीचे नुसते गाडी चालवणारे. विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात नानांची उभी हयात गेली. साक्रीकडच्या घाटात उलटलेली जीप असो की नाल्यात गेलेला टेम्पो, नाना भोवती एक चक्कर मारत आणि मालकाकडे असं बघत, की जणू अपघात गाडीला नाही, त्याच्या अकलेला झालाय. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना जुन्या गाडीची किंमत ठरवायला न्यायचे. घरी सोडल्यावर पुन्हा यांचं तोंड बघायचं नाही असं म्हणायचे, पण आकडा त्यांचाच धरायचे. नाना कुणाचंही मिंधेपण न ठेवता खरा आकडा सांगायचे, एवढं त्यांचे वैरीही कबूल करत.

असंच एकदा धरणगावच्या पुष्पाबाईंचं बोलावणं आलं. यजमान गेल्यावर वाटणीत कापसाची जिनिंग पुतण्याच्या, प्रेमराजच्या नावावर गेली आणि पुष्पाबाईंच्या वाट्याला आली शेडमधली एक दोन माणसांची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स कार. सासऱ्यांनी, म्हणजे मोठ्या बाबांनी, कुठल्याशा साहेबाकडून हौसेनं घेतलेली. घरात तिची चेष्टाच व्हायची. बाई प्रेमराजच्या घरी मागच्या खोलीत राहत, सुनेनं वाढलं तेव्हा जेवत. गावातच दोन खोल्या घ्याव्यात आणि स्वतःची चूल मांडावी, एवढंच आता त्यांच्या मनात होतं. प्रेमराज म्हणत होता, भंगारवाला चाळीस हजार देतोय, देऊन टाका. बाईंना त्याच्या घाईचा वास आला होता.

नानांनी ताडपत्री ओढली आणि गाडीभोवती एक नाही, तीन चकरा मारल्या. हिरवा रंग उन्हापावसानं मेलेला, पण कंपनीचाच. खिशातलं लोहचुंबक त्यांनी पत्र्यावर फिरवलं, सगळीकडे चिकटलं. म्हणजे कुठेही पोचा पुट्टी भरून बुजवलेला नाही. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, कंपनीची पितळी पट्टी, सगळं गाडीच्या पुस्तकाशी जुळत होतं. चामड्याच्या सीटा तडकलेल्या, पण पहिल्याच.

"अठरा लाख," नाना म्हणाले. "जशी आहे तशी. नाशिकला माझ्या ओळखीचा एक शौकीन आहे, त्याला पुढच्या महिन्यात घेऊन येतो."

प्रेमराजचा चेहरा उतरला. नानांना ते पाहून फार बरं वाटलं. "तू बोलू नकोस," ते त्याला म्हणाले. "तुला गाडीचा हप्ता कळतो, गाडी नाही."

पुष्पाबाई पदर सावरत पुढे आल्या. "नाना, इतला पैसा कसाना? ही ते बठ्ठी जुनी शे."

जुन्या गाडीला एवढे पैसे कशाचे, हे आता एका बाईला समजावून सांगायचं? नानांनी हात झटकला. "अक्का, ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही फक्त आकडा ध्यानात ठेवा." आणि फी खिशात घालून निघाले.

पुष्पाबाईंनी आकडा ध्यानात ठेवला. माहेर शेतकऱ्याचं. बैल बाजारात न्यायचा तर त्याला धुवावं, शिंगांना रंग द्यावा, गळ्यात नवी घुंगरमाळ घालावी, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मळका बैल बाजारात नेला तर मालकाची शोभा होते. मेल्या रंगाची गाडी अठरा लाखांची, तर सजवल्यावर वीसला काय मरण आहे? बाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या आणि गाडी गॅरेजवाल्याच्या हवाली केली.

महिन्यानं नाना शौकिनाला घेऊन आले तेव्हा शेडच्या दारात गाडी लालभडक चमकत उभी होती. सीटांवर सोनेरी दोऱ्याचं रेक्झिन, पुढे निळे एलईडी, मागे रेडियमच्या अक्षरांत 'मोठ्या बाबांची पुण्याई'. पत्रा पार ग्राइंडरनं घासून काढलेला. पितळी पट्टी गॅरेजवाल्यानं काळी पडलेली म्हणून भंगारात टाकलेली, चासीचा नंबर घासता घासता पुसून गेलेला. बाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. नाशिकचा शौकीन दोन मिनिटं थांबला, नानांकडे बघून हसला आणि चहाही न घेता रस्त्यावरच्या आपल्या गाडीत जाऊन बसला.

त्या हसण्यानं नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. या लोकांसाठी आपण आपली अब्रू पणाला लावली! ज्यांना गाडी आणि बैल यांतला फरक कळत नाही, त्यांना असल्या वस्तू देवानं द्याव्यातच कशाला? लग्नाची घोडी करून ठेवली गाडीची! कागदाशी जुळणारा नंबरसुद्धा यांनी शिल्लक ठेवला नाही.

"आते कितलाले जाई, नाना?" पुष्पाबाईंनी विचारलं. ताट अजून हातातच होतं.

"आता?" नाना कडाडले. "आता लोखंडाच्या वजनावर. प्रेमराजचा तो चाळीस हजारवाला असेल तर त्याचेच पाय धरा. अहो, त्या मेल्या रंगाचेच तर पैसे होते! त्या काळ्या पडलेल्या पट्टीचे! अशा गाडीला कुणी हात लावतं का? शेंबड्या पोरालासुद्धा कळेल हे!"

दारात टेकून उभा असलेला प्रेमराज खुदकन हसला. नानांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुष्पाबाईंनी ताट बोनेटवर ठेवलं. त्यांच्या मनगटावर पाटल्यांच्या जागी दोन पांढरट वळ उरले होते.

"नाना," त्यांनी हळूच विचारलं, "हाई तुमले तवयच माहीत व्हतं?"

"म्हणजे काय! मला नाही तर कुणाला?" नाना नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले.

"मंग माले का नही सांगं?"

शौकिनानं रस्त्यावरून हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, तरी नाना गाडीपाशी तसेच उभे होते.