मी आले, तसं लिही

"असं कुनी बोलतं व्हय?" हे आक्कांचं पालुपद. डोळे मिटायचे, पदर खांद्यावर ओढून घ्यायचा, मला पडद्यावरचं मोठ्याने वाचायला लावायचं आणि वाक्य संपायच्या आत हे म्हणायचं. वाचता त्यांना चांगलं येत होतं, पण डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा जास्त.

राहात्यात स्टँडसमोर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. उतारे, अर्ज, लग्नपत्रिका, येईल ते काम. आक्कांची पेरूची बाग गावाबाहेर. त्यांच्या भावकीने देवीच्या जागराला वाचायला म्हणून वंशावळीचं पुस्तक करायचं ठरवलं. पुण्याच्या पुतण्याने सॉफ्टवेअर दिलं, भरायचं काम माझ्याकडे आलं आणि सांगायचं आक्कांकडे. तुम्ही असलं सॉफ्टवेअर पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. आपण नाव, गाव, साल भरायचं. 'यांचा जन्म अमुक गावी झाला, यांचे निधन तमुक गावी झाले' ही वाक्यं ते स्वतःच जुळवतं.

"समदी एका साच्यातून काढल्यात. मानसं हायेत का इटा?" आक्का म्हणाल्या.

वाक्यं आपल्याला हवी तशी बदलता येतात, हे मी बोलून गेलो आणि फसलो. आक्कांच्या आजोबांना घोडेगावच्या बाजारात बैलाने शिंग खुपसलं, त्यातच ते गेले. तसं वाक्य घातलं. दुसऱ्या दिवशी वाचायला बसलो तर आजी घोडेगावच्या बाजारात बैलाने गेलेली, चुलते तसेच, पाळण्यातली पोरंसुद्धा तशीच. मी एकाच्या ऐवजी सगळ्यांचं वाक्य बदलून ठेवलं होतं.

"आरं, बैल हुता का पटकीची साथ?" आक्का हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात. मीही हसलो, पण भावकी परत जिवंत करता करता माझी संध्याकाळ गेली.

मग एकेक करत आक्कांचं स्वतःचं पान आलं. 'यांचा विवाह अकोले येथे झाला.' बस्स.

"म्होरं?"

"पुढं काही भरलेलं नाही, आक्का."

काय भरायचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आक्का तरुणपणीच सासरहून आल्या आणि परत गेल्या नाहीत. गाव त्यांना 'टाकलेली' म्हणायचं. माझी आईही म्हणायची, त्यांच्याच बागेतले पेरू खात.

"मला कुनी टाकलं न्हाई. मी आले. तसं लिही."

"यात जन्म, लग्न, मृत्यू आहे. माहेरी परत येणं नाही."

"मग कर की! तुझ्या हातात हाय म्हनलास ना?"

केलं. नवी घटना उघडली, तिला वाक्य दिलं: 'मारझोड सोसायची नाही असे ठरवून त्या स्वतःच्या पायांनी माहेरी परत आल्या.' वाचून दाखवलं. पालुपद आलं नाही. त्यांनी डोळे उघडून ते वाक्य पडद्यावर स्वतः वाचलं.

दोन दिवसांत अण्णा दुकानात हजर. आक्कांचे धाकटे भाऊ, भावकीतले कर्ते.

"देवीम्होरं वाचायचं पुस्तक हाय. घरातली लक्तरं तिथं कशाला? ते वाक्य काढ."

"काढायचं तर माझा जल्म पन काढ," आक्का जागच्या न हलता म्हणाल्या.

"एकट्या तुझ्यासाठी येगळं वाक्य व्हय?"

माझी गत इकडे आड, तिकडे विहीर. आक्का मात्र उठल्या आणि थेट स्टँडवर गेल्या. पुढचे काही आठवडे पिशवीत पेरू घेऊन त्या एसटीने फिरत होत्या. भावकीतल्या ज्या लेकी अशाच परत आल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन बसायच्या. परत आल्या की सांगायच्या, "हिचं लिही. हिचं पन. इचारून आलेय." एकीचं नाव मी आपणहून सुचवलं, तर म्हणाल्या, "तिला नको हाय. मग न्हाई लिहायचं." असा हट्ट आणि अशी माया एकाच माणसात मी फार कमी पाहिली.

अण्णा तरी बधले नाहीत. "जागराच्या आधी बघू," एवढंच म्हणाले.

जागराच्या आधी आक्काच गेल्या. पेरू तोडताना बागेत बसल्या, त्या उठल्या नाहीत.

तेराव्यानंतर अण्णा आले. "तिचं पान दाखव." मला वाटलं, आता वाक्य जाणार. खरं सांगतो, या वेळी भांडायची माझी तयारी होती. अण्णांनी चष्मा लावून पान वाचलं, चष्मा काढून पुसला.

"हे अर्धंच हाय."

"म्हणजे?"

"तिन्हीसांजंला आली. अंगावर वळ हुते. बाप म्हनला, दार उघडू नको, सकाळी घालवून येऊ. मी येवढासा. कडीला हात पुरंना, पाटावर चढून उघडली म्या." त्यांनी चष्मा परत लावला. "ते बी लिही."

"तुमचं नाव घालू?"

"नाव नको. धाकटा भाऊ म्हन."

लिहिलं. बाकीच्या बायकांची वाक्यं तशीच राहिली. अण्णांनी ती वाचली आणि पुढचं पान मागितलं.

जागराला अण्णा स्वतः वाचायला उभे राहिले, मी पानं उलटायला शेजारी. बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. 'धाकट्या भावाने दार उघडले' इथपर्यंत अण्णा आले. त्याखाली आक्कांच्या निधनाचं वाक्य होतं. ते काही त्यांना वाचवेना.

ते मी वाचलं.