गुंडूअण्णाची प्रदक्षिणा

शामू नेव्हीतनं रिटायर होऊन गावी आला तो दोन शिडाच्या होड्या घेऊनच, आणि त्या दिवसापासनं गुंडूच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. दोघं चुलतभाऊ. शामूला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं ते गुंडूनं. भरतीला दोघं संगतीनं गेले, घेतलं मात्र एकट्या शामूला. गुंडू आपला खडेबाजारातल्या दुकानात कापड फाडत राहिला. आता अख्खं गाव तलावावर 'कमांडर, कमांडर' करत शामूच्या मागं, आणि गुंडूची सख्खी आई राजाबाईसुद्धा म्हणायची, "शामूचं कायतरी न्यारंच बाई!" जळणार नाही तर काय करील माणूस?

ह्याला एकदा तरी पाण्यात हरवायचाच, तेही आईच्या देखत, असं गुंडूनं ठरवलं. पण त्यासाठी शिकायचं कुणाकडं? शाम्याकडंच! दर रविवारी तो दातओठ खात नियम ऐकायचा. उजव्या अंगानं वारा घेऊन येणाऱ्या होडीचा मान पहिला. डाव्या अंगानं घेणाऱ्यानं मुकाट बाजूला व्हायचं. आपल्या चुकीनं धडक बसली, तर कुणी सांगायची वाट न बघता आपणच दोन गिरक्या घेऊन दंड भरायचा. आणि बोया, म्हणजे वळणावर तरंगत ठेवलेला तो नारिंगी फुगा, कायम डाव्या हाताला ठेवून वळायचं.

"म्हंजे चुकणाऱ्यानंच सवताला शिक्षा द्यायची? असला कसला खुळा खेळ रं?"

"असाच हाय, अण्णा," शामू हसायचा. ते हसणंसुद्धा गुंडूला झोंबायचं.

शर्यतीच्या सकाळी राजाबाई पूजेचं ताट घेऊनच आली. शेवटचा बोया पाण्यात सोडण्याआधी तिनं त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला, मगच होड्या सुटू दिल्या. दोनच होड्या, दोनच भाऊ.

नियम शामूचे तोंडपाठ, पण तलावावरचा वारा गुंडूच्या ओळखीचा. खिंडीतनं तो वळायच्या आधीच गुंडूनं शीड फिरवलं आणि चांगला पुढं निघाला. मागं वळून बघतोय तर शाम्या मागं! अहाहा, काय बरं वाटलं जिवाला! काठावर आई दोन्ही हात हलवत होती. समोर शेवटचा बोया आला, कुंकवानं लाल, हार घातलेला. गुंडूचा एक हात आपसूक छातीला लागला आणि दुसऱ्यानं सुकाणू वळवलं. जन्मभर रवळनाथाच्या देवळात प्रदक्षिणा घालत आला तशीच, देव उजव्या हाताला ठेवून.

"अण्णा! डावीकडं! बोया डावीकडं ठेव!" शामू मागनं घसा फोडून ओरडला.

ओरड रं, ओरड! गुंडू मनात म्हणाला. हरालायस म्हणून फसवतोस व्हय मला? आणि त्यानं वळण पुरं केलं.

शामू बोया डावीकडं ठेवून सरळ निघून गेला, तेव्हा कुठं गुंडूच्या डोक्यात उजेड पडला. घेतलेलं वळण उलटं सोडवून नीट वळेपर्यंत शामू काठाला लागला होता.

गुंडूची होडी ओढायला शामूच पाण्यात उतरला. "एवढा वरडलो, अण्णा. ऐकू न्हाय आलं?"

"आलं की."

"मग?"

गुंडू ओला दोर हातात घेऊन उभा राहिला. आई जवळच होती, तरी बोलला.

"मला वाटलं, खोटं सांगालायस. तुझ्या जागी मी असतो, तर खोटंच सांगितलो असतो."