कार्यकर्त्यांचे उपाध्यक्ष

अमेरिकेच्या निवडणुकीचं ते वर्ष. सप्टेंबरात माझे सासरे आमच्याकडे जर्मनीत, डार्मश्टाटला आले. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. एकटे राहून ते जेवण टाळतात असं शेजाऱ्यांनी कळवलं, तेव्हा नवऱ्याने आग्रहाने बोलावून घेतलं. आम्ही दोघंही त्यांना अण्णा म्हणायचो. आपल्या तालुक्यात ते पक्षाचे उपाध्यक्ष होते. अध्यक्ष येत-जात राहिले, अण्णा मात्र उपाध्यक्षच राहिले.

इथे त्यांना करमेना. नातवाला मराठी कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. रविवारी तर रस्त्यावर इतकी सामसूम की अण्णा खिडकीत उभे राहून विचारायचे, "अगं, इथे माणसं राहतात ना नक्की?" उरलं इंग्रजी बातम्यांचं चॅनल. इंग्रजी बोलायला ते बिचकत, पण कळायचं सगळं. त्या चॅनलवर त्यांना एका पक्षाची उपाध्यक्षपदाची उमेदवार सापडली. बाई व्यासपीठावर आली की लोक वेड्यासारखे ओरडायचे. अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसायचे. वर्षभरात प्रथमच ते कशात तरी रमलेले दिसत होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त अमेरिकन सैनिक राहायचे. इथल्याच बाईशी लग्न करून ते कायमचे राहिले होते आणि तेही विधुर होते. ते त्याच पक्षाचे मतदार होते, हे कळल्यावर एका रविवारी मी त्यांना कॉफीला बोलावलं. प्लमचा केक घेऊन ते आले, आणि मग दर रविवारी येऊ लागले. अण्णा मराठीत बोलायचे, मी इंग्रजी करायची, आणि वाद एकच: ही बाई पक्षाला खरंच हवी आहे का?

"पक्ष आता तिचाच," अण्णा म्हणायचे. "मुख्य उमेदवाराच्या सभेला खुर्च्या रिकाम्या, हिच्या सभेला उभं राहायला जागा नाही. कार्यकर्ता कुणासाठी घसा फोडतो ते बघावं."

"जा, गेनाऊ," शेजारी म्हणायचे. म्हणजे 'हो, अगदी बरोबर'; इतकी वर्षं इथे राहून त्यांच्या इंग्रजीत असे जर्मन शब्द मिसळले होते. "मलाही ती आवडते. पण मी आणि माझ्यासारखे लोक म्हणजे पक्ष नव्हे. निर्णय घेणारे तिच्या मागे उभे राहून हसतात, तोंडदेखलं."

"लोकांपुढे त्यांना झुकावंच लागेल."

"तुमच्याकडे झुकतात?"

अण्णांनी ऐटीत सांगितलं, की मी स्वतः उपाध्यक्ष आहे, मला ठाऊक आहे. त्यावर शेजाऱ्यांनी उठून त्यांना सॅल्यूट केला. अण्णा लाजले. त्या संध्याकाळी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

नवरा या वादात पडत नसे. तो मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. त्या ऑक्टोबरात कामाचे दिवस कमी करण्याची बोलणी सुरू झाली होती, आणि तो सतत त्रासलेला असायचा. एका रविवारी अण्णा पुन्हा कार्यकर्त्यांच्या प्रेमाबद्दल बोलू लागले. त्याने कप खाली ठेवला आणि शेजाऱ्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "माझ्या वडिलांनाही लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. तिकिटाची वेळ आली की ते दुसऱ्याला मिळायचं. मग यांना सांगायचे, लाउडस्पीकरचं तेवढं बघा. हे बघायचे. आई तापाने फणफणलेली असायची, आणि हे पोस्टर चिकटवत फिरायचे."

शेजारी केककडे बघत राहिले. मला भाषांतर करायची गरज नव्हती.

अण्णांनी आपला कप बाजूला सारला. मग मला म्हणाले, "त्यांना विचार, बाई हरली तर पक्ष तिला सांभाळेल का?"

मी विचारलं. शेजारी सावकाश म्हणाले, "हरले तर तिच्यामुळेच हरलो म्हणतील. दुसऱ्याच दिवशी."

ते गेल्यावर मी कपबशा उचलत होते. नवरा अण्णांजवळ जाऊन म्हणाला, "अण्णा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचंच होतं रे," अण्णा म्हणाले. "आणि खोटं काय त्यात?"

निवडणुकीत तो पक्ष हरला. आणि खरंच, आतल्या माणसांनी नाव न देता बाईबद्दल बोलायला सुरुवात केली: तिला हे ठाऊक नव्हतं, ती ऐकत नव्हती, तिच्यामुळे मतं गेली. अण्णांनी टीव्ही बंद केला. पुढच्या रविवारी शेजारी आले, पण कुणालाच विषय सुचेना. हवामानावर थोडं बोलून ते लवकर उठले.

त्याच आठवड्यात अण्णांना गावाहून फोन आला. तालुकाध्यक्ष स्वतः बोलत होते. पुढच्या वर्षीच्या निवडणुकांची तयारी सुरू झाली होती आणि तुमच्याशिवाय पान हलत नाही म्हणत होते. अण्णा फोनवर उभे राहून बोलले. मग नवऱ्याला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे."

"अण्णा, अहो, पुन्हा तेच होणार."

"ठाऊक आहे मला."

"मग कशाला जाताय?"

"इथे राहून काय करू, सांग."

आम्ही दोघं सकाळी निघायचो आणि अंधार पडल्यावर परतायचो. डिसेंबर लागायच्या आत अण्णा फ्रँकफर्टहून गेले. विमानतळावर बापलेकांनी एकमेकांना बॅगेबद्दल आणि पासपोर्टबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं.

पुढच्या वर्षी निवडणुकीचं तिकीट दुसऱ्या पक्षातून नुकत्याच आलेल्या एका तरुण कंत्राटदाराला मिळालं. अण्णांनी त्याच्यासाठी गावोगाव सभा घेतल्या. तो निवडून आला. नव्या कार्यकारिणीत उपाध्यक्षपदी त्याचा मेहुणा बसला, आणि अण्णांना 'मार्गदर्शक' केलं. हे त्यांनीच आम्हाला फोनवर सांगितलं, पाऊसपाण्याची बातमी सांगावी तसं.

नवऱ्याचे कामाचे दिवस तोवर खरंच कमी झाले होते. तो दर शुक्रवारी घरी असायचा आणि दुपारी अण्णांना फोन लावायचा. "जेवलात का?" "जेवलो." "काय केलं?" "भात." मग फोन ठेवला जायचा. मी शेजारच्या खोलीतून हे ऐकायची. अण्णांना इथे पुन्हा बोलावू या का, असं मी एकदा विचारलं.

"येणार नाहीत," तो म्हणाला. "आणि आले तर आपण त्यांना काय देणार?"