तिसरा प्रश्न

अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला भामरागडकडच्या एका गावातली दुपार आठवते. मांडवाखाली आम्ही मूठभर माणसं उन्हावर चालणाऱ्या बोलक्या पेटीभोवती बसलो होतो. पेटीतून बायबलमधला एक भाग तिथल्या माडिया भाषेत ऐकायचा आणि मग घरच्या बाईनं प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचे: काय आवडलं, काय कळलं नाही, आता काय करशील. बसलेल्या कुणालाही वगळायचं नाही, हा तिथला रिवाज. त्या दिवशी परक्या मुलखात बायको वारलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट लागली. तो गावकऱ्यांपुढे वाकून तिच्या कबरेपुरती जागा मागतो. गोष्ट निम्म्यावर आली तेव्हा गावपाटील कुंपणाशी येऊन उकिडवे बसले. हे घर येशूला मानू लागल्यापासून ते इकडे कधी येत नसत. पेटी थांबली, तसा घरातून बाईच्या सासूचा खोकला ऐकू येऊ लागला. म्हातारी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. प्रश्न फिरत फिरत पाटलांपाशी पोचले आणि बाईनं सवयीनं तिसराही विचारून टाकला, "तुमी काय करसान, भाऊ?" पाटील थोडा वेळ खोकल्याकडे कान देऊन राहिले. मग चंद्रपूरहून आलेल्या मलाही कळावं म्हणून तेही मराठीतच, अगदी मायेनं म्हणाले, "बुढीले लवकर दवाखान्यात ने, बाई. इथी मेली तर जागा मागाले येऊ नोको." बाईनं पुढं केलेलं पाणी न पिताच ते गेले. आता चंद्रपुरात आमचा बायबलचा अभ्यास मोबाईलवर चालतो, प्रश्न तेच असतात. पण तिसरा विचारायच्या आधी मी एकदा वळून बघतो, दाराशी कोण बसलंय.