चित्राखालची ओळ

उंब्रजपासून थोडी आत आमची वाडी. तिथल्या सरकारी शाळेत वाचनाची तपासणी होणार होती. आदल्या दिवशी बाईंनी चौथीतल्या काही मुलांना उद्या घरीच थांबा म्हणून सांगितलं. त्यांत माझी पुतणी होती. मी तेव्हा साताऱ्याहून रजेवर आलो होतो.

वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बाईंचा निरोप त्यांना पोरीचा बहाणा वाटला. ते वहिनीला म्हणाले, "साहेब यायच्या दिवशी घरात बसायचं? आमच्या पलटणीत तापातला गडी बी उभा ऱ्हायचा."

प्रगतिपुस्तकात तिला चांगली श्रेणी होती. रोज संध्याकाळी ती त्यांना न अडखळता धडा वाचून दाखवायची. सकाळी त्यांनी स्वतः तिच्या गणवेशाला इस्त्री केली आणि तिला शाळेत नेलं. मीही बरोबर गेलो.

बाईंनी आम्हाला दारात पाहिलं. त्यांनी पोरीला मागे बसवलं. तालुक्याच्या साहेबांनी मागूनच सुरुवात केली. त्यांनी पुस्तक न घेता तिच्या हातात एक कागद दिला. त्यावर दुसरीच्या पातळीच्या चार ओळी होत्या. वडील खिडकीशी उभे होते. पोरगी कागदाकडे बघत राहिली, मग तिनं तो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. साहेबांनी यादीत खूण केली आणि पुढच्या मुलाला उठवलं.

साहेब गेल्यावर वडिलांनी बाईंना गाठलं. बाईंनी काही लपवलं नाही. दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामाला होते, चारही वर्ग त्यांच्या एकटीवर होते, आणि श्रेणी सगळ्यांनाच द्यावी लागत होती.

"चारचौघांत तिची फजिती नको, म्हणून घरी ठेवायला सांगितलं होतं, आबा," त्या म्हणाल्या.

माझा त्यावर विश्वास बसला नाही. वडिलांचा बसला.

संध्याकाळी त्यांनी तिला जवळ बसवून पुस्तकातलं मधलंच एक पान उघडलं. वरच्या चित्रावर तळहात ठेवला आणि खालच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हितनं वाच."

ती त्यांच्या तळहाताकडे बघत राहिली. वहिनी दारात येऊन थांबली. वडिलांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं, मग त्याच्या पुढच्या.

"आबा," ती म्हणाली, "हात काढा की."