खरकटा डबा आणि तिलवाऱ्याचा पूल

सकाळी नागपूरला जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, हा बेत आम्ही नवरा-बायकोनं स्वयंपाकघरात बसून आखला. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. पुतणीनं नागपूरला घर घेतलं होतं, ते बघायचं होतं. ती सांगत होती आणि मी एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहीत होतो.

"पाचला निघायचं," ती म्हणाली.

"सहाला. धुकं असते."

"बरं, सहाला. पण परत येताना उजेड पाहिजे. समोरच्या गाडीचा लाइट तुम्हाला सहन होत नाही. तुम्ही कबूल करत नाही, ती गोष्ट वेगळी."

"अगं, तीस वर्षं सरकारी जीप हाणली मी."

"हाणली, हेच तर म्हणून राहिले मी. मागे बसणाऱ्याला विचारा."

मग ती म्हणाली, "त्या अधारतालच्या काकूंनी कसं लिहून दिलं होतं, आठवते? तसं लिहा नीट. वेळेसकट."

मी वेळेसकट लिहिलं. चार दिवसांनी ती गेली. नागपूर राहिलं.

तेव्हापासून काकूंची ती केस डोक्यात फिरते आहे. नोकरीत खून पाहिले, दंगे पाहिले, नदीतून काढलेली माणसं पाहिली. ते सगळं आता पुसट झालं. ही केस साधी, हरवलेल्या माणसाची, पण तिच्यापुढे मी अजूनही आ वासून उभा आहे. माझं शिक्षण आठवी. पोलिसात आरक्षक म्हणजे शिपाई म्हणून लागलो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून उतरलो. मोठी भाषा मला येत नाही. नावं कोणाचीच देत नाही, बाकी झालं तसं लिहितो.

नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती. थंडीचे दिवस. संध्याकाळी आठच्या सुमाराला एक म्हातारी बाई ठाण्यात आली. गुडघे दुखणारे, हातात कापडी पिशवी. काऊंटरला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आमचे हे पुलाच्या पलीकडे राहिले."

मी म्हटलं, "बसा काकू. कोण हे आणि कोणता पूल?"

काका बहात्तर वर्षांचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त. त्यांचे थोरले भाऊ नागपूरला अंथरुणाला खिळलेले. त्यांना भेटून त्याच दिवशी परत यायचं म्हणून काका पहाटे स्वतःच्या गाडीनं निघाले. मोतीबिंदूमुळे स्वतः चालवत नसत, म्हणून कांचघर मोहल्ल्यातला एक ड्रायव्हर दिवसभरासाठी घेतला होता. काकूंनी कॅलेंडरच्या पानामागे सगळं लिहून एक प्रत काकांच्या खिशात घातली होती, एक स्वतःजवळ ठेवली होती. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. बारीक अक्षर, अगदी सरळ रेषेत. पाचला निघणे. सिवनीला चहा, बिनसाखरेचा. दहाला नागपूर. दोनला परत निघणे, भावजय आग्रह करेल, थांबू नये. साडेचारला गाडीतच दशमी खाणे, मग गोळी. सातला तिलवारा, फोन.

"सातला फोन आला नाही," काकू म्हणाल्या. "नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की हे गाडीतूनच नर्मदे हर म्हणतात आणि मला फोन करतात. भात टाक म्हणतात. तिथून घरी पोचेपर्यंत भात होतो. पस्तीस वर्षं झाली, आधी पुलाजवळच्या दुकानातून करत होते. सात दहाला मी केला, तर घंटी वाजली आणि कोणी बंद करून टाकला. हे असा फोन बंद करत नाहीत."

मी मनात म्हटलं, बाई घाबरली आहे. रोजनामच्यात नोंद केली, गाडीचा नंबर सगळीकडे कळवला. पाऊण तासात गाडी सापडली. कुठे? तिलवारा घाटावर, पुलाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या शहराच्या बाजूला. कुलूप लावलेली, आत कोणी नाही. ड्रायव्हरला कांचघरहून उचलून आणलं. तो हात जोडून म्हणाला, "साहब, काका बोले मुझे घाट पे बैठना है, तू जा, मैं ऑटो से आ जाऊँगा। चाबी उनको दे दी।"

टोलनाक्यावरून माहिती मागवली. गाडी परतीच्या प्रत्येक नाक्यातून गेलेली, वेळा बरोबर. भाऊ मरणाच्या दारात, त्याला बघून आलेला म्हातारा, एकटा नर्मदेच्या काठावर बसलेला. आम्हा पोलिसांना यापुढे काही सांगावं लागत नाही. उजाडल्याबरोबर गोताखोर पाण्यात उतरवायचे, असं साहेबांनी ठरवलं. मी मान डोलावली.

काकूंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "नदीत नाहीत ते. ते अजून पूल ओलांडून आलेच नाहीत."

"काकू, गाडी आपल्या बाजूला उभी आहे."

"गाडी आली असेल. ते नाही आले."

मला रागच आला. म्हटलं, माणसाशिवाय गाडी येते का? हे मी तोंडावर बोललो. त्या बाईचं बयानही मी धड घेतलं नाही. दोन ओळी लिहिल्या, 'पत्नी घाबरलेली आहे', आणि शेजाऱ्यांबरोबर घरी पाठवून दिलं.

सकाळी सहाला घाटावर गेलो. गोताखोर दोरी बांधून उतरले. पाणी थंडगार, वर धुकं. साडेसातला कपडे बदलायला घरी आलो. चहा पिता पिता बायकोला सांगितलं, हसत सांगितलं, की म्हातारी म्हणते भात टाक म्हटलं नाही म्हणून नवरा आला नाही.

ती चहा गाळत होती, ती गाळणी हातात तशीच.

"मग बरोबर आहे तिचं."

"काय बरोबर?"

"त्यानं भात टाक म्हटलं नाही, म्हणजे तो पुलावर आलाच नाही. यात हसून काहून राहिले तुम्ही?"

"गाडी—"

"गाडीला भूक लागते का? माणसाची गोष्ट करून राहिली ती, तुम्ही गाडीची करून राहिले."

पाचवी शिकलेली बाई माझी. मी चहा अर्धा टाकून ठाण्यात आलो आणि ड्रायव्हरला समोर बसवलं. हात लावला नाही. एक गोष्ट इतक्या वर्षांत शिकलो होतो. खोटं बोलणाऱ्याला मार पडला तर तो दुसरं खोटं बोलतो. त्याला खोटं बोलायला जागा द्यावी, तो स्वतःच त्या जागेत जाऊन बसतो.

मी सहज विचारलं, "पुल पार करके काका ने घर फोन किया होगा?"

"हाँ साहब, किया था।"

"क्या बोले?"

"बोले कि देर से आऊँगा, घाट पे बैठूँगा, खाना खा लेना।"

"किससे बोले?"

"आंटी से।"

मी त्याचा शब्द न् शब्द लिहून घेतला. मग म्हटलं, "आंटी को फोन आया ही नहीं बेटा। और फोन तेरे हाथ से बंद हुआ है।"

तो खुर्चीवरून खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. चाळीस वर्षांचा माणूस. मग खरं निघालं. खून नाही, चोरी नाही. काका मागच्या सीटवर आडवे झाले होते, अंगावर घोंगडी. भावजयीनं दिलेली संत्र्यांची टोपलीही मागेच. वाटेत जिथे-जिथे गाडी थांबली, तिथे ड्रायव्हर उतरला, परत येऊन बसला. दर वेळी मागे बघितलं तर घोंगडीचा उंचवटा दिसला. काका झोपले असं समजून त्यानं गाडी काढली. तिलवाऱ्याला म्हणाला, "काका, नर्मदा जी आ गईं।" उत्तर नाही. वळून घोंगडी उचलली तर खाली टोपली.

"लौटा क्यों नहीं?"

"डर गया साहब। लगा, मर गए होंगे तो सब बोलेंगे मैंने मारा। फिर आंटी का फोन आया तो..."

मी विचारलं, कुठे उतरले काका? त्यालाच माहीत नव्हतं. परतीला तो तीन जागी थांबला होता. साडेतीनला डिझेलसाठी, पाचला सिवनीच्या पुढे एका ढाब्यावर चहाला आणि सहाला लखनादौनजवळ चाकात हवा भरायला. तीन जागा, मधे शंभर किलोमीटरच्या वर रस्ता, जंगल, घाट. साखरेचा आजार असलेला म्हातारा रात्रभर थंडीत उघड्यावर. गोळी नाही, पाणी नाही. तिन्ही ठाण्यांना कळवलं, पण कळवणं म्हणजे शोधणं नाही. एक-एक जागा धुंडाळत गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

मी गाडी घेऊन सरळ अधारतालला काकूंकडे गेलो. दारातच म्हटलं, "काकू, तुमचं खरं होतं. आता सांगा."

त्या मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. विचारलं, "गाडीत काय-काय सापडलं?"

मी पंचनाम्याची यादी वाचली. घोंगडी, संत्र्यांची टोपली, फोन, पाण्याची बाटली, गोळ्यांची पट्टी.

"पट्टीत किती गोळ्या?"

मी पट्टीच दाखवली.

"साडेचारची घेतली. म्हणजे दशमी खाल्ली. डबा?"

"कोणता डबा?"

"पितळी. दशमीचा."

यादीत डबा नव्हता. मी दोनदा बघितलं.

काकू उभ्या राहिल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण झटक्यानं. "पाचला जिथे थांबले तिथेच आहेत. खरकटा डबा घेऊन हे नर्मदा ओलांडत नाहीत. त्यांच्या आईची शिस्त आहे ती. साडेचारला खाल्लं, पाचला गाडी थांबली, हे डबा घासायला उतरले असतील. आणि बाटलीच्या पाण्यानं नाही, वाहत्या पाण्यानं. तिथे नळ कुठे आहे, हातपंप कुठे आहे, ते बघा. लवकर जा ना हो, उभे काहून राहिले?"

ठाण्यात फोन करून ड्रायव्हरला विचारायला लावलं. उत्तर आलं, ढाब्याच्या मागे, नाला ओलांडून, शेताच्या कडेला एक हातपंप आहे. मी तिथल्या ठाण्याला तेवढंच सांगितलं आणि स्वतः जीप काढली. जाताना घाटावर थांबलो आणि गोताखोरांना वर बोलावलं. निळे पडले होते बिचारे. त्यांना म्हटलं, माणूस पाण्यात नाही. "किसने बताया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उनकी घरवाली ने."

मी अर्ध्या वाटेत असताना तिथल्या हवालदाराचा फोन आला. हातपंपाच्या वाटेवर, कोरड्या नाल्यात, आठ फूट खाली. खुबा मोडलेला. मफलर डोक्याला बांधलेला, खिशात संत्र्याची सालं. जिवंत. पितळी डबा छातीशी धरलेला. ढाब्यावर रात्रभर गाणी आणि ट्रकांचे हॉर्न, त्यांचा आवाज कोणाला गेला नव्हता.

जीप बाजूला घेऊन मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

सिवनीच्या दवाखान्यात त्यांचं बयान घेतलं. मी म्हटलं, "काका, खूप घाबरले असाल."

"सातपर्यंत घाबरलो होतो," ते म्हणाले. "घड्याळात सात वाजून गेले, तेव्हा निवांत झालो. म्हटलं, आता तिला कळलं. आता ती पोलिसांना पाठवते. संत्री खाल्ली, साखर धरून ठेवली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तुम्ही सकाळचे अकरा काहून वाजवले, हे मला समजलं नाही."

मी बयानाखाली त्यांची सही घेतली.

ड्रायव्हरवर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण केलं. काकांनी त्याला माफ केलं, काकूंनी नाही. मला त्यांनी माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही.

लोक म्हणतात, पोलिसाला माणसं कळतात. मला गुन्हेगार कळत होते. काकूंना एक माणूस कळत होता, मिनिटासकट. टोलनाक्याची मशीन, कॅमेरे, दोऱ्या, गोताखोर, आम्ही सगळे वर्दीवाले एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला गुडघे धरून बसलेली एक बाई, जिला घरात बसून शंभर किलोमीटर दूरचा हातपंप दिसला. आणि नाल्यात पडलेला तो म्हातारा, ज्याला खात्री की तिला दिसणारच. एवढी मोठी गोष्ट मी देवळातही पाहिली नाही. ती पाहून आलो, शाबासकी घेतली, आणि घरी माझ्या बायकोनं वाढलेलं जेवून झोपलो. तिनंच मला वाट दाखवली होती, हे साहेबांना सांगितलंसुद्धा नाही.

तिच्या शेवटच्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर पोरगी होती, घाईत होती. विचारलं, "कौन सी दवाई चल रही है? आज सुबह कितने बजे ली?" साधा सवाल. मी उभा होतो, इतक्या लोकांची बयानं घेतलेला माणूस, आणि मला माहीत नव्हतं. गोळी पांढरी की पिवळी तेही नाही. शेवटी मुलीला पुण्याला फोन लावला, तिनं सांगितलं. त्यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाली. म्हणाली असेल.

तिला ग्वारीघाटच्या स्मशानात पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. मुलगी रात्रीच पोचली होती, स्वयंपाकघरात चहा करत होती. मी एक कोरी वही घेतली, तिच्यासमोर पाटावर बसलो आणि म्हटलं, "आई सकाळी उठली की पहिलं काय करत होती?"

"बाबा, अब इसका क्या..." ती थांबली. मग मराठीत म्हणाली, "आता काय करायचं आहे ते?"

"तू सांग. मी लिहून राहिलो."

तिनं गॅस बंद केला आणि सांगायला लागली. मी वर तारीख टाकली, वेळ टाकली, आणि लिहून घेतलं.