होडी थांबते तिथली धून

दुपारचे चार वाजले की आण्णाच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं आणि बैठकीतल्या सतरंजीवर आडवं पसरतं. कार्तिकातल्या त्या उन्हाला धग नसते, नुसता रंग असतो. आणि वारा नदीकडून वाहत असला तर गुऱ्हाळांतल्या उकळत्या रसाचा जडशीळ, गोड वास त्या रंगाबरोबरच उंबरा ओलांडून आत शिरतो. अशाच एका दुपारी मी दारात चपला काढत होते आणि स्वयंपाकघरातून एक धून ऐकू आली. आधी तारेवर बोट टेकावं तसे तीन हलके, पारदर्शक स्वर. मग खालून वर येणारा खर्जातला एक दीर्घ, गंभीर स्वर. मग एक उसासा, पाण्याचा चुबुक असा आवाज, आणि परत तेच तीन स्वर. एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. साठी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही हे मला ठाऊक आहे, पण चांगल्या सुरापुढे मला लाज राहत नाही.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचे बनवण्यात त्याची उभी हयात गेली. पण तो खरा जगला तो दुपारी चारनंतर. पहिली पाळी संपवून घरी यायचा, हातापायांवरची काळी रेती धुवायचा, आणि तबला-डग्गा पुढे ओढायचा. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत असे. शाळा सुटली की दोन गल्ल्या ओलांडून येऊन पेटीवर लेहरा धरायचा, हे माझं काम. लेहरा म्हणजे एकाच आवर्तनाची लहानशी धून. तबलावादक कायदे, रेले, तुकडे असा वाटेल तिकडे भटकून येतो, आणि त्याला परत यायला घर असावं म्हणून पेटीवाला ती एकच धून तासभर वाजवत बसतो. बैठकीनंतर लोक तबलजीच्या पाया पडतात आणि पेटीवाल्याला पंख्याचं बटण कुठे आहे ते विचारतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं, अनेकदा वाटलं. पण ती माझी जागा होती आणि मी ती चाळीस वर्षं सोडली नाही.

मग या श्रावणात आण्णाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू परतला, वाचा तर गेलीच नव्हती, पण डावा हात, डग्ग्यावरचा हात, लाकडाचा होऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे आवडतं ते त्या हाताकडून करवून घ्या, आणि नेमकं तेच करायला आण्णा तयार नव्हता. डग्ग्याशिवाय तबला म्हणजे भिंतीशिवाय छप्पर, असं एकदाच म्हणाला आणि दोन्हींवर खोळ घातली. दिवाळी झाली तसा त्यानं बिद्रीच्या भजनी मंडळाला निरोप धाडला, की तबला-डग्ग्याची जोडी घेऊन जा, येत्या रविवारी चारला या. मी भांडले, रुसले, एक दिवस जेवले नाही. त्यानं खिडकीबाहेर बघत एवढंच म्हटलं, "देऊन टाकूया की. हितं धूळच खातोय न्हवं." ज्या माणसानं आयुष्यात मला कधी पेटीचा भाता ढिला पडू दिला नाही, त्यानं असं बोलावं याचा मला संताप आला, आणि संतापाच्या तळाशी भीती होती. तबला घराबाहेर गेला की माझा भाऊ खुर्चीत नुसता उरणार होता.

आणि घरात हे चाललेलं असताना वहिनी गेम खेळत होती. आमची वहिनी आजऱ्याची. तिच्या हातच्या घनसाळ भाताचा वास तीन घरं ओलांडून जातो, पण गाण्याच्या बाबतीत ती दगड आहे अशी आमची दोघांची ठाम समजूत होती. बैठकीला ती कधी बसली नाही, कधी वाहवा केली नाही. चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची. आण्णा दवाखान्यात असताना तिच्या मुलानं, अभयनं, वेळ जावा म्हणून तिला एक टॅब आणून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. नवरा खाटेवर आणि ही बाई मांडीवर पडदा ठेवून बोट फिरवतेय, हे बघून माझं डोकं फिरलं होतं. मी तेव्हा तिला दोन शब्द सुनावले होते. ते इथे लिहीत नाही, कारण मला आता त्यांची शरम वाटते.

खेळ तसा साधा होता. पुरानं वेढलेल्या दरीत एक बाई होडी वल्हवत गावोगावी बियाणं पोचवते. वादळं येतात, भोवरे येतात, चोर येतात. आणि मध्ये एक जुना दगडी घाट लागतो, तिथे होडी बांधायची. तिथे काही घडत नाही. मिळवायला काही नसतं, हरायलाही नसतं. पायरीवर दिवा असतो, पाणी हलत असतं, आणि ती धून वाजत असते. आपण पायरीवरून उठेपर्यंत वाजत राहते. मी एका पायातल्या चपलेनिशी ऐकली ती हीच.

तो मंगळवार होता. मी बैठकीतली पेटी पुढे ओढली आणि धुनीचा षड्ज शोधला, काळी एक पट्टी. मग मात्रा मोजायला बसले. सात भरल्या. पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठली? मी बिनदिक्कत तो खर्जातला दीर्घ स्वर पकडला. एवढा भारदस्त स्वर, समच असणार. तिथून सुरुवात करून लेहरा वाजवायला गेले तर धून प्रत्येक वळणावर माझ्या हातातून निसटायची, शेवट मध्येच यायचा आणि मध्य शेवटाला. दहा-बारा आवर्तनं मी अशी धडपडले, आणि खुर्चीतून आवाज आला.

"सम तिथं न्हाय, सुनंदा. त्या सुराच्या आदी तीन मात्रा हायत."

आठवडेच्या आठवडे ज्या माणसानं संगीताचा शब्द काढला नव्हता, त्याला माझी चूक सहन झाली नव्हती. आणि त्याचं बरोबर होतं. धून रूपकात होती, आणि रूपकाची सम ही खाली असते, म्हणजे तिथे टाळी पडत नाही, नुसता हात हलतो. पेटीच्या नादानं बिघडलेल्या माझ्या कानानं वजन शोधलं होतं, आणि या तालाचा आरंभच वजनाशिवाय होतो. मी सम बदलली. धून अशी अलगद बोटांत येऊन बसली की मी मोठ्यानं हसले. आण्णा हसला नाही. पण त्याच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती.

त्यानंतरचे दिवस मी अक्षरशः वेड्यासारखी जगले. अभयला फोन करून सांगितलं की असलं संगीत आणखी असेल तेवढं पाठव. आधी त्याला वाटलं आत्या थट्टा करतेय. मग त्यानं पाठवलं, आणि बोलता बोलता म्हणाला की आईचा तो खेळ तर गणपतीच्या आधीच संपलाय. ती अजून काय करत बसते तिलाच ठाऊक. माझं त्याकडे लक्षच नव्हतं. मला ऐकायचं होतं. सकाळी भाजी निवडताना, दुपारी कपडे वाळत घालताना माझ्या कानांत नुसती दालनं उघडत होती. एका खेळात लोभी दुकानदाराच्या दुकानात शिरलं की वाजणारी अर्ध्या मिनिटाची खट्याळ धून होती. ती ऐकून मला काही घ्यायचं नसताना घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या एका खेळात बर्फाच्या गुहेतलं संगीत होतं, त्यात स्वरांपेक्षा मौनच जास्त, आणि थंडी अशी की मी दुपारी शाल घेतली. एकात शत्रू दूर असताना फक्त बासरी, तो जवळ येऊ लागला की तिच्याखाली एकेक ढोल सामील होतो, आणि तो निघून गेला की ढोल पाय न वाजवता निघून जातात. बासरीला पत्ताही लागत नाही. आणि एकात तर हरल्यावर वाजणारी धून इतकी समजूतदार होती की मला वाटलं, परीक्षेत नापास झालेल्या प्रत्येक मुलीला मी हीच ऐकवायला हवी होती.

विचार करा, काय विलक्षण कला आहे ही! आपण रचलेलं ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असणार, हे रचनाकाराला आधीच माहीत असतं. धून शंभरदा वाजेल आणि शंभराव्यांदाही तिचा कंटाळा येता कामा नये. तिला आरंभ नको, अंत नको, सांधा दिसायला नको. कुणी रेंगाळेल तितका वेळ तिनं सोबत करायची आणि कुणी उठून गेला तर तक्रार न करता थांबायचं. हा लेहरा नाही तर काय आहे? खेळाच्या शेवटी नावांची यादी सरकत जाते, त्यात संगीतकाराचं नाव अगदी बारीक अक्षरांत येतं आणि तोवर सगळे उठून गेलेले असतात. मी पडदा थांबवून ती नावं मोठ्यानं वाचली. भेटेल त्याला मी हे सांगत सुटले. शेजारच्या काकूंनी पोरांचे खेळ म्हणून नाक मुरडलं, तर मी त्यांच्या कानांत बर्फाची गुहा घातली आणि त्या भाकरी करपेपर्यंत हलल्या नाहीत.

पण रविवार काही टळला नाही. वाद्य दुसऱ्याला देताना सुरात लावून द्यायचं, बेसुरं वाद्य घराबाहेर काढायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून साडेतीनलाच आण्णानं खोळ काढली आणि हातोडी मागितली. उजव्या हातानं तो तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत होता, आणि ज्या कामाला डावा हात लागतो, तबला एकेक घर फिरवण्याचं, ते मी करत होते. स्वयंपाकघरात वहिनीनं घाटावर होडी बांधली होती आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला होता. आण्णानं तोच षड्ज धरला. तबला लागला. लागला की वाजवून बघायचा असतो, त्याशिवाय कसं कळणार! त्यानं समेवर बोट टाकलं. तीं तीं ना. आणि चौथ्या मात्रेला, जिथे डग्गा घुमायला हवा, तिथे काही नाही. पुन्हा तीं तीं ना, आणि पुन्हा रिकामं. मी पेटी पुढे ओढली आणि लेहरा धरला.

बिद्रीची माणसं जीपमधून उतरून दारात आली ती याच वेळी. आण्णानं न थांबता मानेनंच त्यांना बसायची खूण केली. त्यांच्यातले एक म्हातारबुवा सतरंजीच्या टोकावर टेकले, क्षणभर ऐकलं, आणि चौथ्या नि सहाव्या मात्रेवर टाळी देऊ लागले. रूपकात टाळीच्या जागा त्याच, आणि डग्ग्याच्याही त्याच. दहा-पंधरा आवर्तनं आण्णाची रिकामी जागा एका परक्या माणसाच्या तळव्यांनी भरून काढली. मग मी पाहिलं की डावा हात मांडीवरून सरकला आहे. तो डग्ग्यावर चढला, घसरला, पुन्हा चढला, आणि चौथ्या मात्रेला पडला. घुमारा नव्हता, मींड नव्हती. लाकडावर उशी पडावी तसा तो आवाज होता. पण तो मात्रेवर होता. मी रडले, आणि लेहरा सोडला नाही.

चहा झाल्यावर म्हातारबुवा उठले. जोडीकडे त्यांनी एकदा बघितलं, मग आण्णाकडे. म्हणाले, "आमचं काय, पुढल्या वर्षी बगू की." जीप रिकामीच परत गेली. आण्णा खुर्चीकडे गेला नाही; सतरंजीवरच बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं चोळत राहिला.

कपबशा घेऊन मी आत गेले. वहिनी ओट्याशी उभी होती, टॅब पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, होडी घाटावरच. तेव्हा कुठे मला अभयचं बोलणं आठवलं. खेळ गणपतीच्या आधीच संपला होता. त्यात डोंगर होते, वादळं होती, जत्रा होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी याहून देखणं संगीत होतं. मी ते सगळं ऐकलं होतं. मग रोज चारच्या ठोक्याला ही याच पायरीवर का येऊन बसते, असं मी तिला विचारलं.

तिनं गाळणी धुतली, झटकली, खिळ्याला अडकवली.

"बाकीची गाणी बी चांगली हायत की. पर त्यास्नी पयल्या मात्रेलाच डावा हात लागतोय."

एवढं बोलून ती रात्रीच्या तांदळातले खडे वेचायला बसली. मी तिच्याजवळच जमिनीवर बसले, ताटातले थोडे तांदूळ माझ्याकडे ओढून घेतले. चाळीस वर्षं आण्णा वाजवत होता आणि मी धरून होते, आणि ऐकणारं घरात कुणी नाही असंच आम्ही दोघं समजत होतो.